जमैका जळगावपेक्षा लहान आहे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२०२४ चा ऑगस्ट महिना. पॅरिसचे ऑलिंपिक नुकतेच आटोपले होते. धुळ्यात पाच कंदिलाजवळ एका टपरीवर आम्ही चार-पाच जण चहा घेत उभे होतो. शेजारच्या गृहस्थांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि दर चार वर्षांनी विचारला जाणारा प्रश्न विचारला, "एकशे चाळीस कोटींचा देश आणि पदके किती? सहा! त्यात सोन्याचे एकही नाही." एकाने दोष क्रिकेटला दिला. दुसऱ्याने क्रीडा संघटनांवर ठाण मांडून बसलेल्या पुढाऱ्यांना दिला. चहावाल्याने गाळणी झटकत निकालच देऊन टाकला, "आपल्या लोकांच्या अंगातच ते नाही, भाऊ."

मी कविता लिहिणारा माणूस. खेळात माझी मजल लंगडीच्या पुढे कधी गेली नाही. त्यामुळे मी गप्प राहिलो. पण तो हिशेब काही डोक्यातून जाईना. घरी आल्यावर पदकांचा तक्ता काढून बसलो आणि माझी नजर जमैकावर अडली.

जमैका हा देश आपल्याला आधी मायकेल होल्डिंग आणि कोर्टनी वॉल्श यांच्यामुळे माहीत झाला, आणि नंतर उसेन बोल्टमुळे. त्याची लोकसंख्या सुमारे २८ लाख. २०११ च्या जनगणनेत आपल्या एकट्या जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२ लाखांवर होती. त्यात धुळे जिल्ह्याचे २० लाख मिळवा, म्हणजे खान्देशातले हे दोनच जिल्हे जमैकाच्या दुपटीहून मोठे होतात. पॅरिसला जमैकाची पदके किती? सहा. अख्ख्या भारताची होती तेवढीच, आणि त्यांतले एक सोन्याचे.

तेव्हा लोकसंख्येला पदकांनी भागण्याचा आपला आवडता उद्योग आधी थांबवायला हवा. लोकसंख्या हा कच्चा माल झाला. आपल्या तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. तिथे गिऱ्हाईक शिंगराचे दात बघते, खूर बघते, चाल बघते, दोनदा पळवून घेते आणि मगच किमतीचे बोलते. न पाहता कोणी शिंगरू घेत नाही आणि न पाहता कोणी टाकूनही देत नाही. एखाद्या देशाचा पदकांचा हिशेब करायचा असेल, तर विचारायचा प्रश्न हा आहे: दहा ते पंधरा वर्षांच्या किती मुला-मुलींना तिथे जाणत्या माणसाने घड्याळ आणि टेप हातात घेऊन पाहिले? या संख्येत जमैका आपल्यापेक्षा मोठा देश आहे.

ते कसे घडले, हे थोडे सविस्तर सांगतो. जमैकात १९१० सालापासून शाळांच्या मैदानी स्पर्धा भरतात. लोक त्यांना 'चॅम्प्स' म्हणतात. मार्च महिन्याच्या सुमारास किंग्स्टनच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये पाच दिवस देशभरातल्या शाळांची मुले-मुली धावतात, उड्या मारतात, थाळी फेकतात. स्टेडियम भरलेले असते. शाळा सोडून चाळीस वर्षे झालेले माजी विद्यार्थी आपापल्या शाळेच्या रंगाचे कपडे घालून येतात आणि ओरडून ओरडून घसा बसवून घेतात. आपल्याकडे दहावीच्या निकालाला शाळांमध्ये जी चुरस असते, ती तिथे चारशे मीटरच्या शर्यतीत असते. मुलींच्या स्पर्धा १९५७ मध्ये सुरू झाल्या, पण वेगळ्या होत. १९९९ पासून मुले आणि मुली एकाच मैदानावर, एकाच आठवड्यात, तेवढ्याच गर्दीपुढे धावू लागली.

बोल्ट याच वाटेने आला. ट्रेलॉनी परगण्यातल्या खेड्यातला हा मुलगा शाळेत क्रिकेट खेळत होता. गोलंदाजी करताना तो धावतो कसा हे त्याच्या क्रिकेटच्याच प्रशिक्षकाने पाहिले आणि त्याला धावण्याकडे वळवले. २००२ साली किंग्स्टनला जागतिक कनिष्ठ स्पर्धा झाली, तिथे त्याने २०० मीटरचे सुवर्णपदक जिंकले तेव्हा तो १५ वर्षांचा होता. या गोष्टीत माझ्या दृष्टीने नायक तो क्रिकेटचा मास्तर आहे. आपल्या संघातला वेगवान गोलंदाज दुसऱ्या खेळाला देऊन टाकायला मन मोठे लागते. आणि दिल्यावर पुढे त्याला सांभाळणारा माणूसही शाळेत असावा लागतो. तो जमैकात असतो, कारण तिथे क्रीडाशिक्षक आणि प्रशिक्षक तयार करणारे जी. सी. फॉस्टर महाविद्यालय आहे. १९८० मध्ये क्यूबाच्या मदतीने ते उभे राहिले. त्याच्या तालमीत तयार झालेले प्रशिक्षक खेड्यापाड्यांतल्या शाळांत पोचले. श्रीमंत देशाचे हे काम नव्हते.

आता आपल्याकडे येऊ. न्यायाने आधी हे सांगितले पाहिजे की सांगाडा आपल्याकडेही आहे. शालेय क्रीडा स्पर्धा तालुक्याला होतात, मग जिल्ह्याला, मग विभागाला, मग राज्याला आणि शेवटी राष्ट्रीय पातळीवर. १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे वयोगट आहेत. जळगावचे पंधरा, धुळ्याचे चार आणि नंदुरबारचे सहा, अशा पंचवीस तालुक्यांत दरवर्षी मुले धावतात. कागदावर पाहिले तर ही चॅम्प्सपेक्षाही मोठी जत्रा आहे.

पण प्रत्यक्ष मैदानावर जाऊन पाहा. या स्पर्धांचा हंगाम सुरू होतो पावसाळ्यात. खान्देशची काळी माती पावसात कशी होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. चप्पल रुतून बसते तिथे पोराने शंभर मीटर पळायचे. सकाळी मारलेली फक्की दुपारच्या सरीत वाहून जाते. मैदानाचा फेरा किती मीटरचा आहे हे विचारावे, तर दोन सर दोन आकडे सांगतात. पहिले दोन पुढे जातात, बाकीचे टेम्पोत बसून गावी परततात. मी पाहिलेल्या तालुक्याच्या स्पर्धांत पहिल्या आलेल्याचे नाव लिहून घेतले जाते, शाळा लिहून घेतली जाते, जन्मतारीख तर हमखास लिहून घेतली जाते. वेळ लिहिली जात नाही.

हे मी दुरून बोलत नाही. २००३ सालची गोष्ट आहे. माझी भाची तेव्हा दहावीत होती. धुळे जिल्ह्यातले लहानसे गाव, तिथली शाळा. सलवार-कुर्ता घालून, अनवाणी ती आठशे मीटर धावली आणि तालुक्याला पहिली आली. मग जिल्ह्याला पहिली आली. दुसरी मुलगी शेवटच्या वळणावर होती तेव्हा ही फितीला लागली होती, असे तिच्या सरांनी सांगितले. गल्लीतले एक म्हातारे आजोबा येता-जाता सांगायचे, "पोर वारानामायक पयस." विभागाची स्पर्धा नाशिकला होती. दोन रात्री बाहेर राहावे लागणार होते. शाळेतून एकही बाई सोबत जाणार नव्हत्या. माझे मेहुणे माझ्याकडे आले. घरात शिकलेला म्हणून मीच. म्हणाले, "भाईजान, तुम्ही सांगाल तसं करू."

मी म्हणालो, "दहावीचं वर्ष आहे. पळून काय मिळणार आहे?"

भाची दाराआड पाण्याचा पेला घेऊन उभी होती. तिने तो पेला आणून ठेवला आणि आत गेली. तिने कधी त्यावर एक शब्द काढला नाही. नंतर बऱ्याच वर्षांनी तिचे ते सर मला एका लग्नात भेटले. मी विचारले, "सर, तिची वेळ किती होती हो?" ते म्हणाले, "वेळ कोण लावतं? पहिली आली ना!"

माझी चूक मी पदरात घेतोच. पण या उत्तराने मी जास्त अस्वस्थ झालो. ती साधारण चांगली होती की अगदी असामान्य होती, हे आता कोणालाच कळणार नाही. तालुक्यात पहिली येण्याला तसा काही अर्थ नाही. त्या तालुक्यात दुसरी मुलगी किती जोरात धावते यावर ते अवलंबून. चोपड्याचा पहिला आणि केरळातल्या एखाद्या तालुक्याचा पाचवा यांत पुढे कोण, हे घड्याळाशिवाय ठरत नाही. घड्याळ लावले आणि आकडा वहीत उतरला, की त्या मुलीची तुलना साऱ्या देशाशी होते. आम्ही गझल लिहिणारे लोक मात्रा मोजून घेतो, एक मात्रा जास्त झाली तर उस्ताद वही परत फेकतात. मग ज्या कामात सेकंदाच्या शंभराव्या भागावर सारे ठरते, तिथे मोजमाप नसावे?

यात पैसा किती लागतो? एक स्टॉपवॉच, एक टेप आणि एक वही. मी जिल्ह्याचा कारभारी असतो तर मैदानी स्पर्धा दिवाळीनंतर, कोरड्या मैदानावर घेतल्या असत्या आणि पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत प्रत्येक मुलाची वेळ लिहून ठेवली असती. पुढच्या वर्षी तीच मुले पुन्हा धावतील तेव्हा कोण किती सुधारले हे दिसते. बारा वर्षांच्या वयात पहिला आलेला मुलगा पुष्कळदा फक्त लवकर उंच झालेला असतो. खरा धावणारा कदाचित सातवा आलेला असतो, पण वर्षभरात चार सेकंदांनी सुधारलेला असतो. त्याला शोधायला वही लागते.

आणि वही ठेवायला माणूस लागतो. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत खेळाचा स्वतंत्र शिक्षक नसतो. मोठ्या शाळांत असतो, पण सहामाही परीक्षा जवळ आली की पी.टी.च्या तासाला गणिताचे सर येतात. पालकही खूश असतात. खेळ आपल्याकडे सवलतीच्या गुणांसाठी असतो. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, तेही चांगलेच आहे. पण त्यापायी आपल्या राज्यात खेळाच्या बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणे निघाली. जिथे वेळ लिहिलेली असते तिथे असे प्रमाणपत्र विकणे जरा अवघड जाते, हा वहीचा आणखी एक फायदा.

मुलगा किंवा मुलगी सापडली, की पैशाची गोष्ट येते. इथे मुद्दा किती पैसा यापेक्षा केव्हा पैसा हा आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. तिथे पहिल्यांदाच ते मॅटवर लढले आणि सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायचे तर पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर शंभरावर बैलगाड्या त्यांना मिरवायला आल्या होत्या. त्या गाड्या मला फार आवडतात, पण पदक आणले ते गहाण पडलेल्या घराने. पुढे खाशाबा पोलीस खात्यात गेले, १९८४ मध्ये अपघातात वारले आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मृत्यूनंतर.

त्यांच्यानंतर दुसऱ्या वैयक्तिक पदकासाठी देशाने लिअँडर पेसपर्यंत, म्हणजे १९९६ पर्यंत वाट पाहिली. महाराष्ट्राच्या मातीतल्या दुसऱ्या खेळाडूला तर ७२ वर्षे लागली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले. त्याची वाटचाल मुद्दाम पाहण्यासारखी आहे. २००९ मध्ये शिक्षक असलेल्या वडिलांनी त्याला राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घातले. वर्षभर अंगमेहनत झाल्यावर त्याने नेमबाजी निवडली. नाशिकला तो तयार झाला. २०१५ मध्ये मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागला. भुसावळच्या लोकांना रेल्वेच्या नोकरीचे मोल वेगळे सांगायला नको. महिन्याच्या महिन्याला पगार येत राहिला आणि पोरगा नेम धरत राहिला. २००९ ते २०२४, पंधरा वर्षे! एका पदकाला एवढी वर्षे लागतात. तेवढ्यात तीन लोकसभा निवडणुका होतात आणि किती क्रीडामंत्री बदलतात ते मोजायला नको. पदकानंतर जाहीर होणारी कोटीची बक्षिसे खेळाडूला मिळायलाच हवीत, त्याने ती कमावलेली असतात. पण त्या बक्षिसांनी नवे पदक तयार होत नाही. ते तयार झाले प्रबोधिनीच्या जेवणात आणि रेल्वेच्या पगारात.

पैसा आणि मान आपण कोणत्या दिशेला लावतो हे पाहायचे, तर आपल्या आवडत्या कुस्तीकडे बघा. लहानपणी आमच्या मोहल्ल्याशेजारच्या तालमीत हळद, ताक, तेल घालून मळलेल्या लाल मातीचा वास रस्त्यापर्यंत येई. सगळ्या जातीधर्मांची पोरे एकाच वस्तादांच्या पाया पडून त्या हौद्यात उतरत. गावोगावच्या यात्रांत कुस्त्यांची दंगल अजूनही होते. सुरुवातीला लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग दहा-वीस रुपयांच्या, मग हजारांच्या, आणि शेवटी संध्याकाळी दोन भले दांडगे पैलवान आले की सारे गाव उठून उभे राहते. महाराष्ट्र केसरीची गदाही ८६ ते १२५ किलोच्या गटाला मिळते. आपल्या चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीच्या विजय चौधरींनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षे ती गदा खान्देशात आणली, तेव्हा आम्ही सगळे छाती फुगवून फिरत होतो.

आता दुसरी यादी पाहा. भारताला आजवर ऑलिंपिकमध्ये कुस्तीची आठ पदके मिळाली. खाशाबा जाधव ५७ किलो. सुशील कुमार ६६ किलो, दोन वेळा. योगेश्वर दत्त ६० किलो. साक्षी मलिक ५८ किलो. रवी दहिया ५७ किलो. बजरंग पुनिया ६५ किलो. आणि पॅरिसला अमन सेहरावत ५७ किलो. आठच्या आठ पदके ६६ किलोच्या आत! म्हणजे ज्या वजनाच्या पोराला आपण यात्रेत रेवड्या देऊन घरी पाठवतो, त्याच वजनात देशाला पदके मिळतात. गावाचा फेटा आणि इनाम जाडजूड पैलवानाला, म्हणून चपळ, सडपातळ पोरगा खुराक वाढवून वजन वाढवायच्या मागे लागतो आणि आपल्या नैसर्गिक वजनातून बाहेर पडतो. हे कोणी वाईट हेतूने करत नाही. रीतच तशी पडली आहे.

मातीचे आणि मॅटचे गणितही वेगळे आहे. मातीत पाठ टेकली की कुस्ती झाली. तोवर पैलवान एकमेकांना आजमावत राहतात, लोक कंटाळले तरी चालते. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात. प्रत्येक डावाला गुण, वर्तुळाबाहेर पाय गेला तर समोरच्याला गुण, दहा गुणांची आघाडी झाली की लढत तिथेच संपते. अनवाणी पायाची सवय वेगळी, बुटातल्या पायाची वेगळी. माती सोडा असे मी म्हणत नाही, तिच्यावर माझा जीव आहे. पण बाराव्या वर्षापासून आठवड्यातून निदान तीन दिवस मॅट मिळाली नाही, तर वीस वर्षांच्या पोराला परदेशात जाऊन नवा खेळ शिकावा लागतो. आणि यात्रा कमिटीच्या मंडळींना माझी विनंती आहे की मोठ्या इनामाची एक तरी कुस्ती ५७ किलोची ठेवून पाहावी. पहिल्या वर्षी लोक कुरकुरतील. दुसऱ्या वर्षी त्या कुस्तीचा वेग बघायला पुढे सरकून बसतील.

हे सगळे ऐकून चहावाला म्हणेल, अंगातच नसेल तर काय करणार? त्याला इंग्लंडची गोष्ट सांगायला हवी. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ब्रिटनला एकच सुवर्णपदक मिळाले आणि तो देश तक्त्यात ३६ वा आला. तिथल्या वर्तमानपत्रांनी खेळाडूंची सालटी काढली. दुसऱ्या वर्षापासून सरकारने राष्ट्रीय लॉटरीचा पैसा थेट खेळाडूंच्या तयारीला लावला, पदक मिळण्याच्या आधी, चार वर्षांच्या करारावर. २०१२ मध्ये लंडनला २९ सुवर्णपदके आली. घरचे मैदान होते म्हणावे, तर २०१६ मध्ये रिओला त्यांची एकूण पदके ६७ झाली, लंडनपेक्षा दोन जास्त. सोळा-वीस वर्षांत इंग्रजांचे अंग बदलले नव्हते. त्यासाठी त्यांनी एक कठोर कामही केले. ज्या खेळांत पदकाची आशा नव्हती त्यांचे पैसे कापले. बास्केटबॉल खेळणारी गरीब वस्त्यांतली पोरे उघडी पडली आणि त्यावर तिथे भांडणे झाली. मला स्वतःला ही रीत पूर्ण पटत नाही. पदकासाठी देश आहे की देशातल्या मुलांसाठी खेळ आहे, हा प्रश्न उरतोच.

आपल्याकडे २०१४ मध्ये ऑलिंपिकच्या दारात उभ्या असलेल्या खेळाडूंसाठी 'टॉप्स' योजना आली, २०१८ मध्ये 'खेलो इंडिया' सुरू झाले. त्याचा उपयोग होतो आहे. पण दारापर्यंत पोचलेल्याला हात देणे सोपे असते. तालुक्याच्या चिखलातल्या पोरीपर्यंत कोण जाणार? आता २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार आहेत, २०३६ च्या ऑलिंपिकसाठीही देशाने कंबर कसली आहे. मोठी स्टेडियम होतील. व्हावीत. फक्त १९७६ चे माँट्रियल विसरू नये. कॅनडाने स्वतःच्या घरी ऑलिंपिक भरवले आणि त्यात त्या देशाला एकही सुवर्णपदक मिळाले नाही. त्याच स्पर्धेत ऑस्ट्रेलियालाही एक मिळाले नव्हते. तो देश खडबडून जागा झाला आणि १९८१ मध्ये त्याने कॅनबेराला क्रीडा संस्था काढून प्रशिक्षक, डॉक्टर, आहारतज्ज्ञ एका छताखाली आणले. आज पदकांच्या तक्त्यात ऑस्ट्रेलिया कुठे असतो ते आपण पाहतोच.

शेवटी मुलींबद्दल, कारण माझे ऋण तिथे आहे. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाडा या आदिवासी पाड्यावरची कविता राऊत अनवाणी धावत, लांबून पाणी आणत वाढली. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेतले आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. असे पाडे साक्रीला आहेत, शिरपूरला आहेत, धडगाव-अक्कलकुव्याला तर डोंगराडोंगरावर आहेत. तिथल्याही मुली पाणी आणतातच. फरक इतकाच पडला की नाशिकला विजेंदर सिंग नावाचे प्रशिक्षक होते, त्यांनी तिला पाहिले आणि वर्षानुवर्षे तिच्यामागे उभे राहिले. मुलगी विश्वासाने ज्याच्याकडे सोपवता येईल असा माणूस पालकांना हवा असतो. सोबत एक शिक्षिका, कपडे बदलायला बंद खोली, मुक्कामाला नीट जागा आणि घरी कळवायला एक फोन. एवढे असते तर माझे मेहुणे माझ्याकडे विचारायला आलेच नसते. आई-बापांना मागासलेले म्हणणे सोपे आहे. त्यांना ज्याची भीती वाटते त्यातली निम्मी कारणे पाचशे रुपयांत दूर होतात.

माझ्या भाचीची मुलगी आता सहावीत आहे. गेल्या दिवाळीनंतर मायलेकी रोज पहाटे गावाबाहेरच्या मैदानावर जायला लागल्या. भाचीने गवंड्याकडून टेप आणून मैदानाचा फेरा मोजला, तो भरला १८० मीटर. चार फेरे आणि वर ८० मीटर, म्हणजे आठशे. ते ८० मीटर जिथे संपतात तिथे एक लिंबाचे झाड आहे. मुक्कामाला गेलो होतो तेव्हा एका पहाटे मलाही सोबत नेले. वहीच्या पहिल्या पानावर पहिल्या दिवसाची तारीख होती आणि पुढे ३ मिनिटे ४१ सेकंद. खाली रोजच्या वेळा. शेवटचा आकडा ३ मिनिटे १८ सेकंदांचा.

भाचीने मोबाइल माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "मामू, लिंबाशी उभे राहा. ओरडू नका, नुसतं बटण दाबा."

पोरगी आली, माझ्या अंगावरून वारा गेल्यासारखी गेली. मी बघत राहिलो आणि बटण दाबायला उशीर झाला. भाचीने ती वेळ वहीत लिहिली, मग त्यावर काट मारली आणि पोरीला म्हणाली, "ही धरायची नाही. उद्या परत."